व्हिडिओ गेमचा व्यापार : यंत्र तोट्यात विकले जाते, मग नफा कोठून येतो?

व्हिडिओ गेमचा विषय व्यापाराच्या पानावर कसा आला, असे काही वाचक बंधूंना वाटेल. आपल्याकडे या खेळांची चर्चा झालीच तर ती दोन अंगांनी होते. एक तर मुले बिघडली, नमाज सुटली, अभ्यास बुडाला अशी तक्रार. नाहीतर हल्लीच्या जमान्यात हे चालायचेच, अशी सबब. हा एक मोठा धंदा आहे, त्यातही माल, भांडवल, अडत आणि तेजी-मंदी आहे, याकडे कोणी पाहात नाही. आम्ही कापडाच्या व्यापारातली माणसे. पडद्यावर कोण कोणाला मारतो हे आम्हाला फारसे समजत नाही आणि समजून घेण्याची हौसही नाही. पण कोणी आपला माल जाणूनबुजून तोट्यात विकत असेल तर तो तसे का करतो, हे विचारण्याची आम्हाला सवय आहे. या लेखात तेवढेच पाहावयाचे आहे, कारण आपल्या घरातला पैसा या धंद्यात जातो आणि तो कोणत्या वाटेने जातो हे घरच्या कर्त्या माणसालाच ठाऊक नसते.

प्रथम शब्दाचा अर्थ. टीव्हीला जोडावयाचे, मुख्यतः खेळांसाठीच बनविलेले संगणकासारखे यंत्र म्हणजे कन्सोल. जगात या यंत्रांचे तीन मोठे कारखानदार आहेत. जपानच्या सोनीचे प्लेस्टेशन, अमेरिकेच्या मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स आणि जपानच्याच निन्टेंडोचे स्विच. यंत्र एकदा घ्यावयाचे आणि त्यावर चालणारे खेळ वेगळे पैसे मोजून घ्यावयाचे, अशी ही रीत आहे.

नोव्हेंबर २००६ मध्ये सोनीने प्लेस्टेशन ३ बाजारात आणले. लहान यंत्राची किंमत ४९९ डॉलर, मोठ्याची ५९९. आयसप्लाय नावाच्या संस्थेने ते यंत्र उघडून एकेका भागाचा हिशेब मांडला, तेव्हा लहान यंत्राला सुमारे ८०५ आणि मोठ्याला सुमारे ८४० डॉलर खर्च येतो असा अंदाज निघाला. म्हणजे लहान यंत्रामागे तीनशे डॉलर आणि मोठ्यामागे अडीचशेच्या आसपास डॉलर घरातून घालून सोनी ते विकत होती. मायक्रोसॉफ्टची गोष्ट त्याहून स्पष्ट. २०२१ साली अमेरिकेच्या न्यायालयात एका दाव्याच्या सुनावणीत तिच्या एक्सबॉक्स विभागाच्या अधिकारी लोरी राइट यांना विचारण्यात आले की, एक्सबॉक्स यंत्र विकून कंपनीला कधी नफा झाला काय? त्यांचे उत्तर नकारार्थी होते. एक्सबॉक्स २००१ साली बाजारात आले. वीस वर्षे यंत्र विकले आणि यंत्रावर नफा नाही! निन्टेंडो मात्र सहसा यंत्रावरही थोडेफार सुटेल अशीच किंमत लावते.

हे आपल्या भाषेत सांगावयाचे तर असे. समजा, एखाद्या कारखानदाराने विणकराला यंत्रमाग निम्म्या किमतीत दिला आणि अट घातली की या मागावर सूत माझेच लागेल. दुसऱ्याचे लावायचे असेल तर प्रत्येक गोणीमागे माझी दस्तुरी आधी भरावी लागेल. माग स्वस्त पडला म्हणून विणकर खूश होतो. पण माग एकदाच घ्यावयाचा असतो आणि सूत रोज लागते. कन्सोलचा धंदा याच पद्धतीचा आहे. त्या यंत्रावर कोणी कंपनी आपला खेळ विकू पाहील तर यंत्रवाल्याच्या ऑनलाइन दुकानात साधारण शंभरामागे तीस ही अडत पडते. आमच्या बाजारात कोणी शंभरामागे तीस अडत मागितली तर त्याला पेढीवर बसू दिले जाणार नाही. तिथे ती दिली जाते, कारण दुसरा दरवाजाच ठेवलेला नाही.

हा दरवाजा कसा आणि का बसविला गेला हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. एका फार मोठ्या बुडीतखात्यातून तो आला आहे.

अटारी ही कंपनी नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी १९७२ साली कॅलिफोर्नियात काढली. १९७६ साली वॉर्नर कम्युनिकेशन्स या बड्या कंपनीने ती सुमारे २ कोटी ८० लाख डॉलरना घेतली. १९७७ मध्ये अटारीने घरगुती यंत्र काढले. त्यात कॅसेटसारखी कार्ट्रिज बसवून खेळ बदलता येत असे. १९८० नंतर ते इतके खपू लागले की अमेरिकेत घराघरात अटारी हाच शब्द झाला.

मात्र अटारीने आपल्या कारागिरांची कदर केली नाही. खेळ रचणाऱ्यांना पगार मिळे, पण डब्यावर नाव नाही आणि विक्रीत वाटा नाही. तेव्हा त्यांतील चौघे बाहेर पडले आणि १९७९ साली एका व्यवस्थापकाला बरोबर घेऊन त्यांनी अॅक्टिव्हिजन ही कंपनी काढली. ते अटारीच्याच यंत्रावर चालणारे खेळ बनवून विकू लागले. अटारीने दावा लावला, पण १९८२ मध्ये तडजोड होऊन दुसऱ्यांना खेळ बनविण्याची वाट मोकळी झाली. चांगला विणकर दुखावून निघून गेला की शेजारच्या गल्लीत त्याचाच कारखाना उभा राहतो, हे आपल्याकडेही घडत आले आहे.

वाट मोकळी झाली आणि बाजारात एकच झुंबड उडाली. तेजी पाहून ज्यांना या कामाची काही माहिती नाही तेही उतरले. नाश्त्याचे ओट्स विकणाऱ्या क्वेकर ओट्स कंपनीनेसुद्धा खेळ बनविण्याचा विभाग काढला. कोणता माल चांगला, कोणता सेकंड, कोणता निव्वळ चिंधी, हे सांगणारा कोणी नव्हता. सगळ्यांचा डबा चकचकीत आणि सगळ्यांची किंमत तीस-पस्तीस डॉलर.

खुद्द अटारीनेही ताळतंत्र सोडले. १९८२ मध्ये तिने पॅकमॅन या गाजलेल्या खेळाची घरगुती आवृत्ती काढली. वापरात असलेली यंत्रे सुमारे एक कोटी आणि कार्ट्रिज काढली सुमारे एक कोटी वीस लाख, असे सांगितले जाते. हिशेब असा की, हा खेळ खेळायला लोक नवीन यंत्रही घेतील. खप सत्तर लाखांच्या आसपास झाला, म्हणजे वाईट नव्हता, पण उरलेला माल गोदामात पडला. त्याच वर्षी स्टीव्हन स्पिलबर्ग यांचा ई. टी. हा चित्रपट गाजला. त्याच्या नावाने खेळ काढण्याच्या हक्कापोटी दोन कोटी डॉलरहून अधिक रक्कम मोजल्याचे म्हटले जाते. नाताळाचा हंगाम गाठायचा म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या कारागिराला अवघे पाच आठवडे मिळाले. ईदच्या तोंडावर घाईने रंगविलेले कापड पहिल्या धुण्यात रंग सोडते, तसा हा खेळ निघाला. चाळीस लाखांच्या आसपास कार्ट्रिज काढली होती. त्यांतील फार मोठा भाग पडून राहिला.

७ डिसेंबर १९८२ रोजी अटारीने जाहीर केले की विक्रीची वाढ पन्नास टक्क्यांऐवजी दहा ते पंधरा टक्केच होईल. वाढ थांबली नव्हती, कमी झाली होती. तरी दुसऱ्या दिवशी वॉर्नरचा शेअर सुमारे एक तृतीयांशाने कोसळला. दुकानदारांनी पडून राहिलेला माल परत करण्यास सुरुवात केली, तर नव्या छोट्या कंपन्यांजवळ परत घ्यायला पैसाच नव्हता आणि त्यांतील कित्येक बंद पडल्या. मग दुकानदाराने तीस-पस्तीस डॉलरचा डबा पाच डॉलरच्या टोपलीत टाकला. पाच डॉलरला खेळ मिळू लागल्यावर चांगल्या मालाला पस्तीस कोण देणार? अशा रीतीने वाईट मालाने चांगल्या मालालाही बुडविले. १९८३ मध्ये अटारीला ५३ कोटी ६० लाख डॉलर तोटा झाला. अमेरिकेतील घरगुती व्हिडिओ गेमची विक्री १९८३ मध्ये सुमारे ३२० कोटी डॉलर होती, ती १९८५ पर्यंत सुमारे १० कोटींवर आली. जुलै १९८४ मध्ये वॉर्नरने अटारीचा घरगुती विभाग जॅक ट्रॅमिएल यांना विकून टाकला.

सप्टेंबर १९८३ मध्ये अटारीने न विकलेला माल ट्रकांत भरून न्यू मेक्सिको राज्यातील अॅलमोगोर्डो गावच्या कचरा डेपोत पुरला. ही अफवाच आहे असे तीस वर्षे बरेच लोक मानीत. एप्रिल २०१४ मध्ये ती जागा उकरण्यात आली तेव्हा ई. टी.ची आणि इतर खेळांची कार्ट्रिज खरोखर निघाली. पुरण्याचे काम पाहिलेल्या अधिकाऱ्याने आकडा सांगितला तो ७ लाख २८ हजार नगांचा. गाठीच्या गाठी पुरून टाकाव्या लागलेला कापडवाला आम्ही तरी पाहिलेला नाही. कापड कितीही पडले तरी शेवटी फडक्याच्या भावाने जाते. या मालाला तेवढीही किंमत उरली नव्हती.

आता निन्टेंडोकडे येऊ. ही कंपनी १८८९ साली जपानच्या क्योटो शहरात निघाली ती हनाफुदा नावाचे फुलांच्या चित्रांचे पत्ते बनविण्यासाठी, आणि त्या पत्त्यांवर जुगारही चाले. ही माहिती पुढे उपयोगी पडेल. जुलै १९८३ मध्ये, म्हणजे अमेरिकेत प्रेतयात्रा चालू असताना, तिने जपानात १४,८०० येन किमतीचे फॅमिकॉम यंत्र काढले आणि ते चालले. १९८५ च्या शेवटी तिने ते न्यूयॉर्कला नेले. तिथल्या दुकानदारांना तर व्हिडिओ गेम हे नावही ऐकायचे नव्हते. तेव्हा निन्टेंडोने दोन गोष्टी केल्या. एक, यंत्राच्या नावातून तो शब्दच काढून टाकला आणि सोबत एक छोटा रोबो दिला, म्हणजे दुकानदाराने ते खेळणे म्हणून मांडावे. दुसरी गोष्ट आपल्या कोणत्याही व्यापाऱ्याला लगेच समजेल. तिने माल जांगड दिला. आमची माणसे येऊन मांडणी करतील, विकेल त्याचे पैसे द्या, उरेल तो आम्ही परत नेऊ. न्यूयॉर्क आणि परिसरातील सुमारे पाचशे दुकानांनी या बोलीवर तो ठेवला. ज्याला आपल्या मालावर भरवसा आहे आणि ज्याच्या गाठीला पैसा आहे, तोच जांगड देऊ शकतो.

याबरोबर तो दरवाजा बसविण्यात आला. निन्टेंडोने यंत्रात आणि प्रत्येक कार्ट्रिजमध्ये एक छोटी चिप घातली. यंत्रातील चिपला कार्ट्रिजमध्ये जोडीची चिप सापडली तरच खेळ चालू होई. दुसऱ्या कंपनीला खेळ विकायचा तर परवाना घ्यावा लागे आणि त्या अटी ऐकण्यासारख्या आहेत. वर्षाला पाचच खेळ काढायचे. तोच खेळ दोन वर्षे दुसऱ्या कोणाच्या यंत्रावर द्यायचा नाही. कार्ट्रिज निन्टेंडोकडूनच बनवून घ्यायचे, किमान हजारोंच्या संख्येत आणि पैसे आगाऊ. माल खपला नाही तर तो परवाना घेणाऱ्याच्या माथी. निन्टेंडोचा पैसा आधीच जमा झालेला असे.

या दरवाजाचे फायदे खोटे नव्हते, हे मान्य केले पाहिजे. वर्षाला पाचच खेळ काढायचे म्हटल्यावर प्रत्येक कंपनी निवडून चांगला खेळ काढू लागली. डब्यावरचा शिक्का पाहून आई-बाप खरेदी करू लागले. मेलेला बाजार उभा राहिला. पण दरवाजावर एकच माणूस बसला की तो पुढे काय करतो हेही सर्वांना ठाऊक आहे. किरकोळ किंमत दुकानदारांना पाडू देत नाही, असा आरोप निन्टेंडोवर झाला. १९९१ साली अमेरिकेच्या सरकारी यंत्रणांशी तडजोड होऊन ग्राहकांना पाच-पाच डॉलरची कुपने वाटण्याचे ठरले, आणि ती कुपने निन्टेंडोचाच खेळ घेताना वापरावयाची होती. दंडातूनही विक्री काढणारा व्यापारी आम्ही दुसरा पाहिला नाही.

हा एकाधिकार निन्टेंडोच्याच हातून सैल झाला. सोनीने तिच्यासाठी सीडी लावण्याचे जोडयंत्र बनवावे असा दोघांत करार होता. जून १९९१ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने ते जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेंडोने सांगितले की आमचा सौदा हॉलंडच्या फिलिप्सशी झाला आहे. भर बाजारात बोली फिरविली. सोनीचे अभियंता केन कुतारागी यांनी मग स्वतंत्र यंत्रच बनविले आणि डिसेंबर १९९४ मध्ये प्लेस्टेशन आले. कार्ट्रिज बनवायला आठवडे लागत आणि खर्च मोठा. सीडी डॉलर-दोन डॉलरमध्ये आणि काही दिवसांत छापून मिळे. खेळ काढणाऱ्यांचे भांडवल कमी अडकू लागले, ते सोनीकडे वळले. पहिली प्लेस्टेशन यंत्रे १० कोटींहून जास्त खपली. उलट सेगा कंपनीचे ड्रीमकास्ट १९९९ साली अमेरिकेत चांगल्या किमतीत आले, यंत्र उत्तम होते, पण इलेक्ट्रॉनिक आर्ट्ससारख्या मोठ्या खेळ कंपनीने त्यासाठी खेळ बनविले नाहीत. २००१ मध्ये सेगाला यंत्रांचा धंदाच सोडावा लागला. मागाला सूतच मिळाले नाही तर माग कितीही चांगला असून काय?

आपल्या देशात ही यंत्रे १९९० च्या दशकात आली ती बहुतेक फॅमिकॉमच्या नकला म्हणून. लोक त्यांना टीव्ही गेम म्हणत. कार्ट्रिजवर ९९९९ खेळ असे छापलेले असे आणि आत मोजके पाच-पंचवीस फिरून फिरून येत. पुढे सीडीचे यंत्र आले तेव्हा दुकानात यंत्रात बदल करून कॉपी केलेल्या सीडी चालविण्याची सोय करून मिळू लागली. आपल्यातील काही तरुणांनी यावर पोट भरले. कंपनी परदेशी आहे, तिचे काय जाते, असा युक्तिवाद तेव्हा ऐकू येई. यावर उलमांचे म्हणणे फार पूर्वीच स्पष्ट झालेले आहे. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९८८ साली कुवेत येथील अधिवेशनात व्यापारी नाव, लेखन आणि शोध यांवरील हक्क हे शरीअतच्या दृष्टीने मान्य हक्क असून त्यांवर अतिक्रमण करता येत नाही, असा ठराव केला आहे. आपल्या थानावर दुसऱ्याने आपल्या मिलचा छाप मारला तर आपण पोलीस चौकीत जातो; मग सीडीला वेगळा नियम कसा लावणार?

येथपर्यंतच्या व्यापारात दोष कितीही असले तरी एक गोष्ट साफ होती. पैसे दिले, माल हातात आला. आवडला नाही तर विकला, भावाला दिला. हळूहळू ही गोष्ट हातची जात आहे आणि आमचा खरा आक्षेप येथून सुरू होतो.

२०१३ साली मायक्रोसॉफ्टने नवीन एक्सबॉक्ससाठी जुने खेळ दुसऱ्याला देण्या-विकण्यावर निर्बंध घालण्याचे जाहीर केले. ग्राहक इतके संतापले की थोड्याच दिवसांत तो बेत मागे घ्यावा लागला. सोनीने तर जाहिरात काढली, खेळ मित्राला कसा द्यावा : एकाने डबा पुढे केला, दुसऱ्याने घेतला, संपले. पण जे नियमाने जमले नाही ते सोयीच्या नावाने झाले. खेळ इंटरनेटवरून उतरवून घेण्याची पद्धत वाढली. त्यात डबा नाही, सीडी नाही, म्हणून जुना बाजारही नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सोनीने प्लेस्टेशन ५ प्रो काढले ते ७०० डॉलरचे, आणि त्यात डिस्क घालण्याचा भागच नाही. तो वेगळा घ्यावयाचा. फ्रान्सच्या युबिसॉफ्ट कंपनीने द क्रू हा मोटारींचा खेळ विकला होता. ३१ मार्च २०२४ रोजी तिने आपल्याकडील सर्व्हर बंद केले आणि ज्यांनी पैसे देऊन तो घेतला होता त्यांच्याकडेही तो चालेनासा झाला. शरीअतमध्ये बैअ वेगळी आणि इजारा वेगळा, म्हणजे विक्री वेगळी आणि भाडे वेगळे. भाड्याला हरकत नाही, पण भाडे म्हणून सांगा आणि मुदत सांगा. विक्रीचा भाव घेऊन भाड्याचा माल देणे हा आमच्या मते सरळ धोका आहे. कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये कायदा करून १ जानेवारी २०२५ पासून बंधन घातले की, ग्राहकाला मालकी मिळत नसून फक्त परवाना मिळतो हे विक्रेत्याने उघड सांगितले पाहिजे. आपल्या फिक्हच्या किताबांत हा भेद कित्येक शतकांपासून शिकविला जातो.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. आता पुष्कळ खेळ फुकट मिळतात किंवा एकदा पैसे देऊनही आत पुन्हा दुकान असते. त्या दुकानात बंद पेटी विकतात, तिला लूट बॉक्स म्हणतात. पैसे आधी द्यायचे आणि आत काय निघेल ते नशिबाने. फुटबॉलच्या खेळात अशा पेट्यांत खेळाडू असतात. मुलाला हवा असतो नामांकित खेळाडू, निघतो भलताच. म्हणून पुन्हा पेटी. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सला आर्थिक वर्ष २०२१ मध्ये अल्टिमेट टीम या प्रकारातून १६२ कोटी डॉलर मिळाले, म्हणजे तिच्या एकूण उत्पन्नाच्या २९ टक्के. त्यात या पेट्यांचा वाटा मोठा आहे. डबा विकून होणारा धंदा बाजूला राहिला आणि पेटीचा पुढे आला.

कुरआनने मैसिर म्हणजे जुगार हराम ठरविला आहे आणि हदीसमध्ये गरर म्हणजे ज्या मालाचे स्वरूप माहीत नाही अशा संशयाच्या सौद्याला मनाई आहे, हे आपल्या मदरशातले मूलही सांगते. पाण्यातला मासा पकडण्याआधी विकायचा नाही, हे उदाहरण आपण सर्वांनी ऐकले आहे. बंद पेटीचा सौदा या दोहोंपैकी कशात बसतो हे ठरविण्याचा अधिकार मुफ्ती साहेबांचा आहे, आम्ही फतवा देत नाही. पण व्यापारी म्हणून आम्हाला त्यात माल दिसत नाही, आशा विकलेली दिसते. आणि हे केवळ आपलेच म्हणणे नाही. जपानमध्ये पेट्यांतून मिळालेल्या वस्तूंचा संच पूर्ण केल्यास मोठे बक्षीस देण्याची पद्धत होती. मे २०१२ मध्ये तेथील ग्राहक खात्याने ती बेकायदा ठरविली. बेल्जियमच्या जुगार नियंत्रण आयोगाने एप्रिल २०१८ मध्ये पैसे देऊन घ्यावयाच्या अशा पेट्या तेथील जुगाराच्या कायद्यात येतात असे सांगितले, आणि जानेवारी २०१९ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने त्या देशात फुटबॉलच्या पेट्यांसाठी पैसे घेणे थांबविले. पत्त्यांपासून निघालेला हा धंदा फिरून कोणत्या गल्लीत आला ते पाहावे.

येथे मिल्लतने लक्ष देण्याजोगी एक बातमी आहे. २९ सप्टेंबर २०२५ रोजी जाहीर झाले की सौदी अरबचा सरकारी गुंतवणूक निधी पीआयएफ आणि दोन अमेरिकन भागीदार मिळून ही इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनी ५,५०० कोटी डॉलरना घेणार आहेत. त्याआधी २०२३ मध्ये याच निधीच्या सॅव्ही कंपनीने मोबाईल खेळांची स्कोपली ही कंपनी ४९० कोटी डॉलरना घेतली होती आणि २०२४ पासून रियाधमध्ये ई-स्पोर्ट्सचा विश्वचषक भरू लागला. तेलाशिवाय दुसरी मिळकत उभी करण्याचा विचार योग्यच आहे. मुसलमानांच्या हाती एवढा मोठा उद्योग येतो याचा आनंद काही वर्तमानपत्रांनी व्यक्त केला. आमचा आनंद जरा थांबून आहे. या सौद्यातील २,००० कोटी डॉलर कर्जाऊ आहेत. कर्ज काढून पेढी घेणाऱ्याला पहिल्या वर्षापासून हप्ता आणि व्याज डोळ्यांसमोर दिसते, आणि तो ज्या कप्प्यातून रोकड लवकर निघते तिकडेच हात घालतो. या कंपनीत तो कप्पा पेट्यांचा आहे. हरमैन शरीफैनच्या सेवेचा मान असलेल्या देशाच्या निधीने मालक या नात्याने हा कप्पा बंद केला, तर साऱ्या जगातल्या आई-बापांची दुआ त्याला मिळेल. तसे काही करणार असल्याचे सौदा जाहीर करताना सांगण्यात आलेले नाही.

आपल्या सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसा लावून पैसा जिंकण्याच्या आशेने खेळविले जाणारे ऑनलाइन खेळ, त्यांची जाहिरात आणि त्यांसाठी बँकेतून पैसा फिरविणे यांना त्यात मनाई आहे. खेळविणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. ई-स्पोर्ट्स आणि साध्या खेळांना मात्र उत्तेजन द्यावयाचे आहे. रमी आणि क्रिकेटच्या अॅपवर ज्यांची दुकाने चालत होती ती त्यामुळे एका रात्रीत बंद झाली. कायदा चांगला आहे, पण घरातल्या मुलाने फुकट खेळात शंभर-दोनशे रुपयांची पेटी घेतली तर ते पाहायला पोलीस येणार नाही.

शेवटी खरेदीबद्दल, कारण परीक्षा पास झाली की मुलगा मागणी करतोच. प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये डिस्कसह ४९,९९० रुपयांना आले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ५४,९९० झाले. पूर्वी यंत्र जुने झाले की स्वस्त होत असे, आता उलट चालले आहे. अमेरिकेतही ऑगस्ट २०२५ मध्ये सोनीने पन्नास डॉलर वाढविले. तेव्हा थांबले तर भाव उतरेल या भरवशावर राहू नये. दोन प्रकारची यंत्रे मांडलेली असतील तर डिस्कचे घ्यावे. ते चार-पाच हजारांनी किंवा अधिक महाग दिसेल, परंतु डिस्क जुन्या बाजारात विकता-घेता येते आणि दोन-तीन खेळांत फरक भरून निघतो. निन्टेंडोचे जून २०२५ मध्ये आलेले स्विच २ घेतल्यास खेळाच्या डब्यावर बारकाईने पाहावे. काही डब्यांत गेम-की कार्ड असते, त्यात खेळ नसतोच, फक्त खेळ इंटरनेटवरून उतरविण्याची किल्ली असते. ते कार्ड पुढे विकता येते, पण इंटरनेटवरील साठा आहे तोपर्यंतच त्याचा उपयोग.

यंत्रावर किंवा मोबाईलवर स्वतःचे बँक कार्ड अथवा यूपीआय जोडून मुलाच्या हाती देऊ नये. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी झालेल्या तडजोडीत फोर्टनाइट या फुकट खेळाच्या कंपनीला ५२ कोटी डॉलर मान्य करावे लागले. त्यांतील २४ कोटी ५० लाख हे मुलांनी आई-बापांच्या संमतीशिवाय केलेल्या आणि चुकून बटण दाबून झालेल्या खरेद्यांच्या परतफेडीसाठी होते. आपल्याकडे अशी परतफेड मिळवायला कोणाच्या पायऱ्या झिजवायच्या, हा प्रश्नच आहे. प्लेस्टेशनमध्ये मुलाचे खाते वडिलांच्या खात्याखाली वेगळे उघडता येते आणि त्यात महिन्याच्या खर्चाची मर्यादा घालता येते. ती शून्यावर ठेवावी, आणि मुलाला एखादा खेळ हवाच असेल तर त्याने येऊन विचारावे.